मावशींनी रक्त परत मागितलं

सोमवारी सकाळी केंद्रात पोचले तेव्हा फोनवर आशाताईंचे तीन मिस्ड कॉल दिसले. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी एक जुनं गाव आहे, तिथल्या त्या आशा कार्यकर्त्या. घरोघरी फिरून आमच्या अभ्यासासाठी बायकांना तयार करायचं काम त्यांनीच केलेलं. मी फोन लावला.

"मॅडम, जरा प्रॉब्लेम झालाय," त्या म्हणाल्या. "गावातल्या एक मावशी परत मागतायत."

"रिपोर्ट ना? त्यांना सांगा, आपल्या अभ्यासात रिपोर्ट द्यायचे नाहीयेत."

"रिपोर्ट नाही. रक्त."

मला वाटलं, लाइन खराब आहे. मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले आणि पुन्हा विचारलं.

"रक्तच परत मागतायत," आशाताई सावकाश म्हणाल्या. "शाळेत कॅम्प लावलेला ना आपण, तेव्हा घेतलेलं. ते हवंय त्यांना. मी दोनदा समजावून आले. ऐकत नाहीत."

मी एका सरकारी जैववैद्यकीय संस्थेत संशोधक आहे. मुख्य संस्था मुंबईत, आणि तिचं एक छोटं केंद्र ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दोन मजल्यांवर. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. मी काय करते हे नातेवाइकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. डॉक्टर आहे म्हटलं की लोक गुडघे पुढे करतात, आणि औषध देणारी डॉक्टर नाही म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. त्या दिवसांत मी साठीच्या आसपासच्या बायकांच्या हाडांवर काम करत होते. एकीकडे घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये राहणाऱ्या बायका, दुसरीकडे जुन्या गावांतल्या, तरुणपणी शेतात आणि मिठागरात उन्हात राबलेल्या बायका. दोघींच्या रक्तात काय फरक दिसतो, ते बघायचं होतं. प्रत्येकीकडून दोन नळ्या रक्त, थोडे प्रश्न आणि एक सही. एवढंच काम.

सही संमतीपत्रावर असायची. ते संमतीपत्र मराठीत मी लिहिलेलं, आणि त्याचा मला अभिमान होता हे कबूल केलं पाहिजे. संस्थेच्या नीतिसमितीने ते तीनदा परत पाठवलेलं. आधीच्या मसुद्यात 'सहभागी व्यक्तीस अभ्यासातून माघार घेण्याचा अधिकार राहील' असं काहीतरी होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं: 'तुम्ही कधीही, कोणतंही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. तुम्हाला कोणी कारण विचारणार नाही.' शेवटचं वाक्य नियमात नव्हतं. मला ते हवं होतं म्हणून मी घातलं. समितीतल्या एका सदस्यांनी त्यावर 'छान' असा शेरा लिहिला होता.

त्या वाक्याचा उपयोग कधी कोणी करील असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. गाव म्हणजे आता नावालाच गाव. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी तीन-चार मजली घरं, प्रत्येक घरावर आडनावाची पाटी, खाली गाळे. मावशींचं घर तसंच होतं. मागे पूर्वी त्यांची भातशेती होती, तिथे आता मोठा टॉवर उभा होता. आशाताईंनी रिक्षातच मला सांगून ठेवलं, "मॅडम, जास्त बोलू नका. त्या बोलायला लागल्या की आपलं काही चालत नाही."

मावशी पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात खाली बसून सुकट निवडत होत्या. अंगाने काटक, कपाळावर गोंदण, गळ्यात सोन्याची जाड माळ. मला बघून त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि सुनेला हाक मारून खुर्ची आणायला सांगितली. मी खाली बसते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको, कपडे खराब होतील तुजे."

चहा आला. तो प्यायल्यावर मी विचारलं, "मावशी, आशाताई म्हणत होत्या, तुम्हाला काहीतरी परत हवंय."

"माजा रगत," त्या म्हणाल्या. "मना परत पायजे."

"तुम्हाला काही त्रास झाला का? हात सुजला, चक्कर आली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुनेला आतून कागद आणायला सांगितलं. मी लिहिलेलं संमतीपत्र आलं, चार घड्या घातलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. मावशींनी ते माझ्यासमोर धरलं.

"ह्या कागद तुमचा हाय ना?"

"हो. मीच लिहिलाय."

"नातीनं वाचून दाकवला मना. यात लिवलाय, कारण विचारनार नाय."

आशाताई माझ्याकडे बघत होत्या. हात सुजला का, चक्कर आली का, हे प्रश्न म्हणजे कारण विचारणंच होतं, आणि ते मी विचारून बसले होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तुम्ही अभ्यासातून बाहेर पडू शकता. आजच. पण रक्त परत देणं, म्हणजे…"

"मंग बाहेर पडला म्हंजे क? मी बाहेर आणि माजा रगत आत?"

मी म्हणाले, "मला वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचार," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

जिन्यात सूनबाईंनी मला थांबवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना अशक्तपणा आलाय तेव्हापासून. त्यांना वाटतं रक्त गेलं म्हणून. मनावर घेऊ नका." रस्त्यावर आल्यावर आशाताई म्हणाल्या, "अशक्तपणा वगैरे काही नाही हो. जमिनीचं असणार. दिरांबरोबर जुना वाद आहे, टॉवर झाल्यापासून. कोणीतरी डोक्यात घातलं असेल, रक्तावरून वारस ठरवतात म्हणून." आणि रिक्षात बसता बसता पुन्हा म्हणाल्या, "किंवा कोणी सांगितलं असेल, रक्त बाहेर विकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही येतं."

म्हणजे तीन कारणं मला ऐकू आली, एकही न विचारता. घरी जाताना बस घोडबंदर रोडवर तासभर अडकली आणि मी त्या तिन्हींवर विचार करत बसले. अशक्तपणा असेल तर डॉक्टरांकडे नेता येईल. वारसाची भीती असेल तर समजावता येईल. विक्रीची अफवा असेल तर केंद्र दाखवता येईल. पण यातलं कुठलं आहे हे विचारायची सोय मी स्वतःच बंद करून ठेवली होती.

आमच्या मॅडम, म्हणजे या प्रकल्पाच्या प्रमुख, मुंबईत बसतात. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना यात गोंधळण्यासारखं काही दिसेना.

"माघार म्हणजे नमुना नष्ट करायचा. नष्ट केल्याचं पत्र द्यायचं. संपलं."

"पण त्यांना नष्ट नको आहे, परत हवंय."

"जैविक नमुना असा कोणाच्या हातात देता येत नाही, तुला माहीत आहे. त्यांचा असला तरी."

"त्यांचा असला तरी?"

"अगं, त्यांच्या अंगातून निघाला, पण आता संस्थेचा आहे ना. म्हणजे…" मॅडमनी वाक्य तिथेच सोडलं. "समितीला लिही. लेखी घे त्यांच्याकडून."

मी समितीला लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं, अर्ध्या पानाचं. सहभागी व्यक्तीच्या इच्छेचा पूर्ण आदर राखावा. जैविक नमुना हस्तांतरित करू नये. या दोन्ही बाबी लक्षात घेऊन योग्य ती कार्यवाही करावी. मी ते चार वेळा वाचलं. योग्य ती कार्यवाही कोणती, हे विचारण्यासाठीच तर मी लिहिलं होतं.

त्या दुपारी मी फ्रीजरच्या खोलीत गेले. आमचे तंत्रज्ञ तिथे डबे लावत होते. ते टिटवाळ्याहून येतात, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, आणि आमच्या केंद्रात कोणती वस्तू कुठे आहे हे फक्त त्यांना माहीत असतं. मी मावशींचा क्रमांक सांगितला. त्यांनी जाड हातमोजे चढवले, उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार उघडलं, एक डबा काढला आणि त्यातून चार कुप्या माझ्यासमोर ठेवल्या. करंगळीच्या पेराएवढ्या. तीनमध्ये गोठलेलं पिवळसर पाणी, चौथीत जवळजवळ काहीच दिसत नव्हतं.

"एवढंच?" मी विचारलं. जसं काही मला ठाऊक नव्हतं.

"एवढंच राहतं, मॅडम."

मला अर्थातच ठाऊक होतं. रक्त आलं की ते यंत्रात फिरवायचं, वरचं पिवळं पाणी काढून ठेवायचं, पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायचा आणि उरलेल्या तांबड्या पेशी ब्लीचमध्ये टाकून संपवायच्या. शेकडो वेळा केलेलं काम. पण मावशी जे मागत होत्या, ज्याला त्या रगत म्हणत होत्या, ते लाल पहिल्याच दिवशी संध्याकाळी सांडपाण्यात गेलं होतं. ते कितीही इच्छा असली तरी परत देता येणार नव्हतं. आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण संमतीपत्रात 'रक्ताचा नमुना जतन केला जाईल' असं लिहिलं होतं. तेही मीच लिहिलेलं.

"तुमच्या इतक्या वर्षांत कोणी परत मागायला आलेलं?" मी विचारलं.

ते कुप्या पुन्हा डब्यात ठेवत होते. "नाही. लोक विसरतात, म्हणून आपलं चालतं," ते म्हणाले, आणि दार बंद केलं.

मग मी जागेवर येऊन संमतीपत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सातव्या मुद्द्यात माझं आवडतं वाक्य होतं. त्याच्या खूप खाली, मागच्या पानावर, अकरावा मुद्दा: 'माघार घेण्यापूर्वी संकलित झालेली माहिती विश्लेषणासाठी वापरली जाऊ शकते.' हे वाक्य मूळ मसुद्यातून जसंच्या तसं आलं होतं. मी ते सोपं केलं नव्हतं. करायचं राहिलं, की सोपं केलं असतं तर कोणी आक्षेप घेतला असता म्हणून मी त्याला हात लावला नाही, हे आता मला आठवेना. म्हणजे मावशी बाहेर पडल्या, रक्त नष्ट झालं, तरी त्यांचे आकडे आमच्या तक्त्यात राहणारच होते. त्यांनी विचारलं होतं, मी बाहेर आणि माजा रगत आत? खरं उत्तर त्याहून वाईट होतं.

शेवटी मी मॅडमना म्हटलं, "त्यांना इथे आणून सगळं दाखवते. काय उरलंय ते, आणि ते नष्ट कसं करतो ते. त्यांच्यासमोरच करू."

मॅडमनी थोडा विचार केला. "कर. पण फोटो वगैरे नको."

मावशी आल्या त्या आशाताईंबरोबर, ठेवणीतलं लुगडं नेसून. दोन मजले चढताना कुठेही थांबल्या नाहीत, त्यामुळे अशक्तपणाचं कारण मी मनातल्या मनात खोडलं. आम्ही त्यांना पांढरा कोट दिला. तो त्यांना पायघोळ होत होता. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि खुर्चीवर ताठ बसल्या. तंत्रज्ञांनी बर्फाच्या ट्रेमध्ये चारही कुप्या आणल्या आणि टेबलावर ठेवल्या.

मावशींनी वाकून बघितलं.

"ह्या क?"

"हे तुमचं रक्त, मावशी. म्हणजे, त्यातलं जे ठेवलंय ते."

"ह्या पिवला हाय."

"रक्तातलं पाणी वेगळं काढलं की ते असं पिवळं दिसतं."

"आनि लाल?"

मी आदल्या दिवसापासून या प्रश्नाची तयारी करत होते. मी म्हणाले, "लाल आम्हाला लागत नाही. ते त्याच दिवशी टाकलं."

"टाकला? म्हंजे फेकला?"

"हो. फेकलं."

आशाताईंनी खाली मान घातली. तंत्रज्ञ ट्रेमधला बर्फ उगाच सारखा करत होते. मग मावशींनी एका कुपीकडे बोट दाखवलं.

"यावर नाव कुठं हाय माजा?"

"नाव नाही लावत. फक्त नंबर. कोणाचं रक्त आहे हे कोणाला कळू नये म्हणून."

"मंग मना तरी कसा कलनार, ह्या माजा हाय?"

मी कपाटातून नोंदवही काढली, त्यांचं पान उघडलं आणि नंबर दाखवला. त्या नंबरासमोर त्यांची सही होती. एकेक अक्षर सुटं, शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलेलं. मावशींनी ती बोटाने चाचपली.

"ही माजीच," त्या म्हणाल्या. "ह्या नंबर आनि त्या नंबर एकच हाय क?"

मी कुपी आणि वही शेजारी धरली. त्यांनी एकेक आकडा जुळवून बघितला. मग म्हणाल्या, "हातात देतंस क? थोडा येल."

नियमात बसत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तंत्रज्ञांनीच मला न विचारता त्यांच्या हातात मोजे चढवले आणि एक कुपी तळव्यावर ठेवली. प्लास्टिकवर लगेच वाफ धरली. मावशींनी मूठ मिटली, थोडा वेळ तशीच धरली, आणि परत दिली.

"लय थंड हाय," त्या म्हणाल्या.

मग आम्ही कुप्या पिशवीत घातल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. हा प्रयोगशाळेतला मोठा प्रेशर कुकर, वाफेवर सगळं निर्जंतुक करणारा. तंत्रज्ञांनी त्यांना काटा दाखवला, वेळ सांगितली. इथून पुढे काय होतं, मावशींनी विचारलं. मी सांगितलं, पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं.

"जालतात ना शेवटी?"

"हो."

"मंग बरा."

त्या 'मंग बरा'वर मी पुढे कितीतरी दिवस विचार केला. मेल्यावर सगळा देह जळावा, एखादा तुकडा थंड पेटीत मागे राहू नये, असं काही त्यांच्या मनात होतं का? की जाळलं म्हणजे दिरांच्या हाती काही लागणार नाही, असं? की त्या नुसत्याच बरं म्हणाल्या, आपण म्हणतो तसं?

यंत्र चालू असताना त्या खिडकीपाशी बसून राहिल्या. मध्ये आशाताई चहा सांगायला खाली गेल्या, तंत्रज्ञ आत गेले. आम्ही दोघीच उरलो. तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"मावशी, मला विचारायचा हक्क नाही. पण विचारू?"

"ईचार."

"का परत मागितलंत?"

त्यांना राग आला नाही. त्या खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या घरात लय कागद झाले. सासऱ्यानी अंगठा दिला, नवऱ्यानी सई केली, मी पन केली. जमिनीचे. कदी कोनी सांगला नाय, बाहेर पडता येतंय. पयल्यांदा असा कागद बगला. मना बगायचा होता, खरा लिवलाय क खोटा."

"मग? खरा निघाला?"

"मना क माहीत," त्या म्हणाल्या. "तूच लिवलायस ना."

आशाताई चहा घेऊन आल्या आणि बोलणं तिथेच थांबलं.

मला अजून खात्री नाही की त्यांनी सांगितलं ते खरं कारण होतं. मी विचारलं म्हणून त्यांनी एक दिलं, असंही असेल. पण अकरावा मुद्दा मला गप्प बसू देईना. चार-पाच दिवसांनी मी पुन्हा गावात गेले, त्यांच्या व्हरांड्यात बसले आणि तो मुद्दा मोठ्याने वाचला. मग माझ्या भाषेत सांगितला. तुमचं रक्त गेलं, पण त्यातून काढलेले आकडे आमच्याकडे आहेत. नियमाने ते ठेवता येतात. पण तुम्हाला नको असेल तर मी ते काढून टाकायला वरिष्ठांशी भांडेन. भांडेन हा शब्द तोंडातून गेला खरा, पण मॅडमशी मी आजवर कधीच भांडले नव्हते.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"आकडे म्हंजे क? त्यात क लिवलाय माज्याबद्दल?"

"तुमच्या रक्तात ड जीवनसत्त्व किती आहे, वगैरे. हाडांसाठी लागतं ते. उन्हातून मिळतं."

"किती हाय?"

अभ्यासात कोणालाच रिपोर्ट द्यायचे नव्हते. या चाचण्या संशोधनासाठी असतात, उपचारासाठी नाहीत, असं आम्ही म्हणतो. मी हे वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं. ज्या बाईचं रक्त फेकलं आणि आकडे ठेवले, तिला आकडा सांगायचा नाही, हे मला तोंडाने म्हणता येईना. तिथूनच मी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, तिला सांग, आणि महापालिकेच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दे. बाकीच्यांचं मग बघू.

आकडा कमी होता, चांगलाच कमी. मी सांगितला आणि म्हणाले, "मला वाटलेलं तुमचा जास्त असेल. इतकी वर्षं उन्हात काम केलंत."

मावशी हसल्या. पहिल्यांदाच. "तवा ऊन होता," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाजूला हात केला. खिडकीतून टॉवरची भिंत दिसत होती, सबंध खिडकीभर. "आता सकालचा त्याच्या मागं असतंय. दुपारी गच्चीवर कोन जातंय."

हे माझ्या प्रश्नावलीत कुठेच नव्हतं. तरुणपणी किती तास उन्हात काम केलं, ते आम्ही प्रत्येकीला विचारलं होतं. आता घरात ऊन येतं का, हा प्रश्न आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. मी वहीत तो लिहून घेतला. मावशी मी काय लिहिते ते बघत होत्या.

"आकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "पन मना तसा कागद दे. माज्या नावाचा."

आकडे त्यांच्या परवानगीने ठेवलेत, असा कागद मी त्यांच्या नावाने दिला. दवाखान्यातून त्यांना गोळ्या सुरू झाल्या. सूनबाईंनी दुपारची सुकट वाळत घालायचं काम त्यांच्याकडे दिलं, गच्चीवर. गावभर ही गोष्ट व्हायची ती झालीच. पुढच्या महिन्यात आशाताईंचा फोन आला की सगळ्याच बायका आपापला आकडा मागतायत. आम्ही सगळे आकडे द्यायचं ठरवलं. त्यात तीन महिने गेले, समितीबरोबर पाच पत्रं झाली, आणि प्रकल्प मागे पडला. नवीन संमतीपत्रात लाल रक्ताचं काय होतं तेही मी लिहिलं, सरळ, पहिल्याच पानावर. तंत्रज्ञांनी ते वाचलं आणि म्हणाले, "एवढं लिहिलं तर देतील का?" मी म्हटलं, बघू. त्यानंतर ते निवृत्त झाले.

गावात दुसरा कॅम्प लागला तेव्हा मावशी सकाळीच शाळेत येऊन बसल्या. रक्त द्यायला नाही. आमच्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि येईल तिला सांगू लागल्या, "आदी ईचार, लाल कुठं जातंय." एकेका बाईला समजावता समजावता दुपार झाली. दोघीजणी सगळं ऐकून, चहा पिऊन, रक्त न देता घरी गेल्या. मॅडमचा फोन आला, आज आकडा इतका कमी कसा. मी म्हणाले, इथे जरा वेळ लागतोय. हे चांगलं चाललंय की वाईट, ते त्यांना काय सांगणार, मलाच कळत नव्हतं. मी फोन ठेवला, आणि समोर येऊन बसलेल्या बाईंना पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सुरुवात केली.